गाळलेली कडवी

वेसावे, अंधेरी (पश्चिम)
५ जानेवारी २०२५

प्रिय जानकीस अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरचेच झाले. होडी विकल्यापासून माझा मितेश विमानतळावर सामानाच्या कामाला जातो. त्याची ड्यूटी बदलत राहते, म्हणून माझ्या जेवणाच्या वेळाही बदलत राहतात. थंडी यंदा बरी आहे, बोंबील चांगले वाळतायत. तू आणि पूर्वी ठीक असाल. बोरीवलीला तुझं पोळ्यांचं काम वाढलं आहे, असं पूर्वीकडून कळतं. तुझ्याकडून काही कळून अकरा महिने होतील.

परवा पूर्वीचा फोन आला. आधी अभ्यासाचं बोलली, मग हळूच म्हणाली, "आत्या, आई विचारतेय, आतोबांच्या बाराव्याला ते जे कडवं म्हटलं, त्याचा अर्थ काय?" मी विचारलं, "आई आहे का बाजूला?" तर म्हणाली, "आहे, पण नाही म्हणून सांग म्हणते."

मी तिला म्हटलं, पत्र लिहिते. ती हसायला लागली. "आत्या, पत्र? व्हॉइस मेसेज टाक ना." पण बोलायला लागले की मी आजूबाजूचंच बोलत बसते. लिहिताना माणसाला थांबता येतं. शिवाय तुझा फोन आधी पूर्वी बघते. पाकीट तू फोडशील.

तर अर्थ.

हे भजन आपल्या मंडळाचं जुनं. कुणी रचलं ते ठाऊक नाही, शेवटी नावाची ओळ नाही. यांच्या आजोबांच्या वहीत होतं. यांना मोतीबिंदू झाला आणि वहीतलं बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा ती सगळी वही मी मोठ्या अक्षरांत उतरवून दिली. मी तिसरीतून शाळा सुटलेली बाई. खरं वाचायला शिकले ती चाळिशीत, त्या वहीवर, एकेक जोडाक्षर फोडत. त्यामुळे भजनातला शब्द न् शब्द माझ्या बोटांखालून गेला आहे. सुरुवात तुलाही पाठ असेल.

देह हे होडगे । भरती श्वासाची ।
ओहोटी तयाची । ठरलेली ॥

हे सगळीकडे म्हणतात. यानंतरची कडवी कोळीवाड्यात म्हणत नाहीत. मंडळ आतल्या बाजूला शेतकऱ्यांच्या गावात गेलं की पुरं म्हणायचं. आपल्यात आलं की त्या जागी भाऊराव पखवाजावर नुसता ठेका धरायचे आणि सगळे थेट शेवटच्या कडव्यावर जायचे. लहानपणी मला वाटायचं, बुवा तिथे दम घेतात. वही उतरवताना कळलं की तिथे दम नाही, शब्द आहेत.

ज्याने टाकियेले । पाण्यामध्ये जाळे ।
त्याचे पाय काळे । यमाघरी ॥
ओढिता ओढिता । हात न थांबला ।
तोच पुढे गेला । साक्ष द्याया ॥

अर्थ सरळ आहे. ज्याने पाण्यात जाळं टाकलं, तो मेल्यावर यमाच्या घरी काळे पाय घेऊन जातो. मासळी ओढताना ज्याचा हात थांबला नाही, तो हातच त्याच्याआधी पुढे जाऊन त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. म्हणजे जीव मारणं हे पाप, आणि आपल्या पिढ्या त्यावर जगल्या. कोळ्याच्या दारात, तेही मयताच्या बाराव्याला, हे कोण म्हणेल? म्हणून गाळायची रीत पडली.

मला हे कधी पटलं नाही. बगळ्याला पाप लागत नाही, मग बोट चालवणाऱ्या तांडेलालाच कसं लागतं? बाजारात एकदा नलिनीला वाचून दाखवलं. ती मासळी कापत होती, कोयतीवरचा हात न थांबवता म्हणाली, "आम्ही धरतो, पण खातो कोण? अर्धं पाप त्या बिल्डिंगीतल्या बायांना दे." एका सप्ताहाला कीर्तनकार आले होते, त्यांनाही मी विचारलं. ते म्हणाले, गुरुवारी मासे खाऊ नका. मी म्हटलं, "आणि बुधवारी धरलेले शुक्रवारी खाल्ले तर?" त्यांनी चहा मागितला.

बाराव्याला ती कडवी म्हटली, कारण यांची तशी इच्छा होती. दवाखान्यातून घरी आणल्यावर यांनी भाऊरावांना बोलावून तसं सांगून ठेवलं होतं. तू "पाय काळे" ऐकलंस आणि उठलीस. दारात चपला घालताना म्हणालीस, "माझ्या नवऱ्याला अजून किती वर्षं पापी ठरवणार आहात, ताई?" तुझं काय चुकलं? नंदू दारू पिऊन बोटीवर चढला आणि बुडाला, असं गाव अठरा वर्षं म्हणत आलं आहे. तुला वाटलं, आता भजनातही तेच आलं. मी तुझ्यामागे बाहेर आले नाही. घर माणसांनी भरलं होतं, असं कारण मी स्वतःला दिलं.

ते नंदूबद्दल नव्हतं, जानकी. एवढं माझं ऐक.

यांचं वर्षश्राद्ध १६ फेब्रुवारीला, रविवारी आहे. भाऊराव विचारतायत, कडवी म्हणायची की गाळायची. तू येणार असशील तर तू सांगशील तसं. तू यावंस असं मला फार वाटतं. नंदूकडची म्हणून मला तुम्ही दोघीच आहात.

पूर्वीला गोड पापा दे. मोठी झाली तरी दे.

तुझी,
कमळताई


वेसावे
१८ जानेवारी २०२५

प्रिय जानकी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी आहेत, तरी पाच-सहा वेळा वाचल्या. "अर्थ मलाही कळतो. कुणासाठी म्हटलं ते विचारलं होतं. नंदूसाठी नव्हतं तर कुणासाठी होतं? ते सांगायचं नसेल तर पुन्हा लिहू नका." लिहू नका. तू मला "तुम्ही" कधीपासून म्हणायला लागलीस? बाराव्याच्या दिवशीही दारात तेच म्हणालीस, तेव्हा मला वाटलं रागात गेलं तोंडून. लिहिताना तर राग विचार करून येतो.

सांगते. मागच्या पत्रात मी दोन कडवी लिहिली. गाळतात ती तीन आहेत. तिसरं म्हणेपर्यंत तू जिना उतरली होतीस.

एका जीवासाठी । सोडी जो दोरीला ।
भार त्याचा झाला । तेथे थोडा ॥

हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. हे वाचल्यावर मासळीचा अर्थ टिकत नाही. एका माशासाठी कोण दोरी सोडतो?

आता त्या सकाळचं. बोटीवर पाच जण होते. त्यातले हे गेले, नंदू गेला, दोघे गुजरातचे खलाशी परत गेले. राहिले भाऊराव. त्यांनी आणि यांनी मला जे सांगितलं तेच लिहिते. मी बोटीवर नव्हते.

नोव्हेंबर होता. सकाळी आठचा सुमार. भरती फिरली होती आणि डोल जाळं ओढायची वेळ झाली होती. जाळं इतकं भरलं होतं की बोट त्या अंगाला कलली होती. त्या हंगामात तसं पुन्हा भरलं नाही, भाऊराव सांगतात. नंदू खोल्याला होता, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या भागाला. दोरीला हिसका बसला आणि तो पलीकडच्या अंगाला पाण्यात गेला. लगेच वर आला. पोहत होता. त्याने हात वर केला.

बोट जाळ्याने धरून ठेवली होती. त्याच्यामागे जायचं तर दोरी तोडावी लागली असती. कोयता यांच्या पायाशीच होता. पण तुला माहीत आहे, कोळी समुद्रात जाळं कापत नाही. जाळ्याची आपण पूजा करतो, बाळंतिणीसारखं जपतो. जाळं कापलं ते घर पुन्हा उभं राहत नाही, असं यांच्या वडिलांनी यांना शिकवलं होतं. हे ओरडले, "ओढा, आधी ओढा, तो पोहतोय, येईल तो." आणि चौघांनी ओढलं. भाऊरावांनीही ओढलं.

किती वेळ, असं मी यांना पुष्कळदा विचारलं. हे उठून बाहेर जायचे. भाऊरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एक भजन म्हणून होईल, कमळ. घाईत नाही. नीट म्हटलेलं."

जाळं आत आलं तेव्हा नंदू दिसत नव्हता. ओहोटीच्या ओढीने बाहेर गेला होता. मग शोधलं. दोन दिवस दहा-बारा बोटी फिरल्या, ते तू पाहिलंस.

लगेच दोरी तोडली असती तर तो सापडला असता का? मला माहीत नाही. भाऊरावांना माहीत नाही. यांना मात्र माहीत होतं, किंवा तसं यांना वाटायचं. त्यानंतर यांनी कोयता कमरेला बांधायला सुरुवात केली. लोक हसायचे, "काय तांडेल, लढाईला चाललात?" मरेपर्यंत त्या कोयत्याने एक दोरी कापायची वेळ आली नाही.

आणि भजन. नंदू गेल्यावर पहिल्याच एकादशीला हे म्हणायला बसले. गाळायच्या जागी आले आणि थांबले. भाऊरावांनी ठेका धरला, पण यांना पुढच्या कडव्यावर जाता येईना. सगळ्यांना वाटलं, मेव्हण्याच्या दुःखाने गळा भरला. त्यानंतर हे भजन यांनी कधी सुरू केलं नाही. कुणी दुसऱ्याने सुरू केलं की पाणी प्यायला उठायचे.

शेवटच्या महिन्यात मला म्हणाले, "बाराव्याला तिन्ही कडवी म्हणायला सांगितलीयत. जानकी असताना." मी म्हटलं, "तिला तोंडाने सांगा ना. अजून बोलता येतंय तुम्हाला." ते म्हणाले, "ती समजेल." मी भांडले. म्हटलं, भजन ऐकून कुणाला कबुली कळते? टाळांच्या आवाजात धड शब्द कळत नाहीत. पण माणूस मरायला टेकलेला, मी किती भांडणार? जन्मभर ज्या कडव्यांना भ्याले, ती स्वतः मेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून तुला ऐकवली. आणि तुला ऐकू आलं ते उलटंच.

तर ते यांच्यासाठी होतं. हात न थांबला तो यांचा. यांनी स्वतःच्या बाराव्याला स्वतःला पापी म्हणवून घेतलं. यावर रागावायचा तुला पूर्ण हक्क आहे. मी कितीदा तरी त्यांच्यावर रागावले, आणि रात्रीचं जेवणही त्यांनाच वाढलं. माझा तो भाऊ होता, हे तू विसरू नकोस.

आता तुला सगळं सांगितलं. वर्षश्राद्धाला यायचं की नाही, ते कळव.

तुझी,
कमळताई


वेसावे
२९ जानेवारी २०२५

जानकी,

परवा तू स्वतः फोन केलास. अकरा महिन्यांनी आवाज ऐकला. तू ना कशी आहेस म्हणालीस, ना शिवी दिलीस. फक्त विचारलंस, "तो पोहत होता म्हणतेस. हात वर केला म्हणतेस. मग तो प्यायला होता हे कुणी पाहिलं?" मी म्हटलं, लिहिते. तू फोन ठेवलास.

मागच्या पत्रात मी "आता तुला सगळं सांगितलं" असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

कुणीच पाहिलं नाही. कारण तो प्यायला नव्हता.

त्या पहाटे बोटीवर जाण्याआधी तो माझ्याकडे आला होता. ओट्याजवळ उभ्यानेच चहा प्यायला, कालची भाकरी त्यात बुडवून. मी म्हटलं, बस ना. म्हणाला, "बसत नाय. पोरीला ताप आहे, जानकी एकटी आहे. आज आलो की आधी घरी जाईन, मासळी तू बघ." तोंडाला वास नव्हता. डोळे जागरणाचे होते, तुम्ही दोघं रात्रभर पूर्वीला घेऊन बसला होतात म्हणून. तो कधी घ्यायचा ते तुला माहीत आहे, होळीला आणि लग्नात. त्या दिवशी त्याने चहा घेतला होता. त्याच्या शेवटच्या चहाची साक्ष द्यायला मीच एकटी होते.

दुपारी बोट आली. हे वाळूवर बसले, कुणाशी बोलेनात. बायका माझ्याभोवती जमल्या. मृणालिनीमावशी म्हणाली, "वेसाव्याचा पोर, पाण्यात वाढलेला. बोटीच्या बाजूला पडतो आणि बुडतो कसा गो?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग एकेक यांच्याकडे बघायला लागल्या. मला ती नजर दिसली. एवढं पोहणारा पोर बुडतो तेव्हा तांडेल काय करत होता, हा प्रश्न अजून कुणी तोंडाने विचारला नव्हता. पण आता विचारणार होतं.

यांनी मला तेव्हा काही सांगितलं नव्हतं. पण बोटीत भरलेलं जाळं होतं आणि माझा भाऊ नव्हता. कोळ्याच्या मुलीला आणखी काय सांगायचं असतं?

मी म्हटलं, "सकाळी घेतली होती त्याने."

चार शब्द. कुणी शिकवलं नव्हतं. यांनी सांगितलं नव्हतं, ते तर मान वर करून बघतही नव्हते. भाऊ गेला होता आणि तो आता यायचा नव्हता. नवरा समोर वाळूवर बसला होता. जो उरला होता त्याला मी धरलं. असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला समजावलं, आणि ते समजावणं इतकं पाठ झालं की खरंच वाटायला लागलं.

मावशीने "अगो बाई" म्हटलं. संध्याकाळपर्यंत ते बंदरावर पोचलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यापर्यंत. तू पूर्वीला कडेवर घेऊन आलीस. अजून तिच्या अंगात कणकण होती. मला बाजूला घेऊन विचारलंस, "ताई, लोक म्हणतात ते खरं?"

मी हो म्हणाले.

बायकांना बोलले ते घाबरून, एका दमात. तुला हो म्हणाले ते विचार करून. मला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. तुझ्या-माझ्यात कुणी नव्हतं.

त्यानंतरचं मी सगळं पाहिलं. तू त्याचा फोटो लावला नाहीस. सर्वपित्रीला त्याचं पान वाढलं नाहीस. मी एकदा विषय काढला तर म्हणालीस, "पोरीला तापात टाकून दारू प्यायला, त्याला कसलं पान?" तुझ्या भिंतीवरची मोकळी जागा बघून मी चहा प्यायले आणि घरी आले. पूर्वी दहा वर्षांची असताना मला म्हणाली होती, "आत्या, मी दारू पिणाऱ्याशी लग्नच करणार नाही." तिच्या वेणीला मी रिबीन बांधत होते. बांधत राहिले.

मी तुला कडव्यांचा अर्थ लिहिला आणि तो सगळा यांच्या अंगावर ढकलला. "हात न थांबला" हे उतरवताना मला त्यांचा हात दिसायचा. तो एक भजन म्हणून होईल इतका वेळ थांबला नाही. माझा अठरा वर्षं थांबला नाही.

यमाच्या घराचं काय ते मला माहीत नाही. तिथे पाय काळे होतात का, ओझं हलकं होतं का, हे भजन रचणाऱ्यालाही कुणी जाऊन येऊन सांगितलं नसणार. त्याला वाटलं असेल, माणूस इथे खरं बोलत नाही, निदान तिथे तरी त्याचा हात बोलेल. मी त्या ओळीवर पुष्कळ विचार केला. मेल्यावर हाताने द्यायची ती साक्ष जिवंतपणी तोंडाने दिली, तर यम काही तक्रार करणार नाही.

म्हणून हे पत्र लिहिण्याआधी मी बोलले. आधी तुला लिहिलं असतं, तर तू काय म्हणतेस याची वाट बघत बसले असते, आणि तू "आता राहू दे" म्हणाली असतीस, तर मला तेच हवं होतं.

सोमवारी मितेशला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "मामाबद्दल तू? तू स्वतः?" ताट सरकवून उठला. काल आला आणि गॅसचा सिलिंडर बदलून दिला. अजून बोलत नाही.

काल सकाळी बाजारात गेले. मृणालिनीमावशी आता पंच्याऐंशीची आहे, धंदा करत नाही, पण सुनेच्या पाटीजवळ खुर्ची टाकून बसते. नलिनी होती, आणखी सात-आठ जणी. मी म्हटलं, "अठरा वर्षांमागे मी तुम्हाला सांगितलं, नंदू पिऊन बोटीवर गेला होता. तो प्यायला नव्हता. मी खोटं बोलले. जाळं ओढून होईपर्यंत बोट त्याच्यामागे गेली नाही, आणि ते कुणी विचारू नये म्हणून मी बोलले."

नलिनी म्हणाली, "सकाळच्या पारी काय गो कमळ. गिऱ्हाईक उभं आहे."

मी म्हटलं, "उभं राहू दे. त्यालाही ऐकू दे."

एक जण म्हणाली, "आता कशाला? दोघंही गेले." दुसरी म्हणाली, "वेड लागलं का काय हिला नवरा गेल्यापासून." मावशीने मला खुर्चीजवळ बोलावलं. मग म्हणाली, "आणि मी गावभर सांगितलं त्याचं काय? माझ्या तोंडाला तू खोटं लावलंस."

मी म्हटलं, "हो मावशी. लावलं."

"मग आता माझ्या तोंडाने तूच काढून घे. चल, हात दे." आणि ती उठली, जानकी. माझा हात धरून एकेक पाटीपाशी गेली आणि म्हणाली, "नंदू प्यायला नव्हता. ही सांगते. हिचा भाऊ." दोन तास लागले. तिला दर दहा पावलांवर बसावं लागत होतं. मला कुणी शिवी दिली, कुणी तोंड फिरवलं. नलिनीने पाणी दिलं. मला हे सगळं ठीक वाटलं.

संध्याकाळी भाऊराव आले. "मीही ओढत होतो," म्हणाले, "आणि तू बोललीस ते मीही ऐकलं होतं. मी गप्प राहिलो ते मला सोयीचं होतं म्हणून." १६ तारखेला ते तिन्ही कडवी म्हणणार आहेत, आणि म्हणण्याआधी ती कुणाकुणाची ते उभं राहून सांगणार आहेत. त्यात माझं नाव घ्या, असं मी सांगितलं आहे.

तू ये, असं मी आता म्हणत नाही. माफ कर, असंही लिहीत नाही. ते मागितलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यामुळे आणखी एक गोष्ट तुला करावी लागेल.

पूर्वीला मात्र सांग. तुला जमणार नसेल तर मी बोरीवलीला येऊन सांगेन, खाली गेटपाशी उभी राहून सांगेन, वर येणार नाही. तिच्या बापाने त्या सकाळी शेवटचं नाव काढलं ते तिचं आणि तुझं. तो तापलेल्या पोरीला टाकून कुठे गेला नव्हता. तो कामावर गेला होता आणि लवकर घरी येणार होता.

आशीर्वाद लिहायला हात उचलला होता, पण तुला आशीर्वाद देण्याइतकी मोठी मी आता नाही. ताईही लिहीत नाही.

नंदकुमारची बहीण,
कमळ